दोन्हीकून छापा

यवतमाळात खोली शोधत फिरले तेव्हा सहा घरमालकांनी आधी आडनाव विचारलं. त्यातल्या दोघांनी आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेली असं सांगितलं. एकाच्या दारावर तर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी आमच्या दोघांच्या मध्ये लटकत होती. लोहाऱ्यातल्या सातव्या घरी एक म्हातारा ओसरीत टेबल टाकून बसला होता. त्याने नाव, आडनाव, काम, काही विचारलं नाही. म्हणाला, "पर्समंदी चिल्लर हाय का?"

"आहे."

"टाक अथी."

अकरा नाणी निघाली. त्याने एकेक उचललं, भिंगाखाली धरलं, पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं आणि पायाजवळच्या शहाबादी फरशीवर सोडलं. सोडताना डोळे मिटायचा. पाव तास गेला. मी उन्हात उभी. शेवटी अकराही नाणी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "समदे बरोबर हाय. वरची खोली पाहून घे. पाणी सकाळी सहाले येते."

मी तेव्हाही पत्रकं काढत होते, तेव्हाही भडकू होते. विचारलं, "भाडेकरू तपासायची ही काय पद्धत झाली?"

"तुले कोणं तपासलं? नाणे तपासले."

तर हे माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला पत्रक म्हणायचे. "ए पत्रक, जेवली का?" असं. नाव त्यांनी अडीच वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि जातीवरून माणूस ओळखणाऱ्या या शहरात मला त्याचा इतका आराम वाटला की मी ते दुरुस्तही केलं नाही.

काकांनी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये जन्मभर लेथ चालवला. रिटायर झाल्यावर लोक देवधर्म करतात, दिवाळखोर पतसंस्थेच्या दारात बसतात, नातवंडं खेळवतात. काकांनी दिवसभर नाणी बघायला घेतली. टेबलावर जुन्या कोटाचं कापड, त्यावर भिंग, फुटक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक आणि सोनाराचा टाकून दिलेला तराजू. हातात आलेलं कुठलंही नाणं ते वाजवल्याशिवाय घेत नसत. भाजी बाजारात त्यांना सुटे द्यायची वेळ आली की मेथीवाली आधी बाकीची सगळी गिऱ्हाइकं उरकायची. एकदा एसटीच्या कंडक्टरने दिलेला रुपया त्यांनी खाली उतरून स्टँडच्या पायरीवर वाजवला. तेवढ्यात गाडी सुटली. आत त्यांची पिशवी, पिशवीत काकूंचं औषध. काका रुपया बरोबर निघाला म्हणून खुशीत चालत घरी आले.

फोनवरून पैसे देणं त्यांना मान्य नव्हतं. दुकानातल्या डब्यातून 'इतके रुपये प्राप्त झाले' असा आवाज आला की ते म्हणायचे, "हा बाईचा आवाज हाय. पैशाचा नाई."

काकू या सगळ्याला कंटाळून कंटाळ्याच्या पलीकडे गेल्या होत्या. त्या सांगायच्या, "मले पाहाले आलते तवा माह्याकडं पाह्यलंच नाई यायनं. ओटीत रुपया टाकला होता, तो उचलून पाहत बसले. माहा बाप म्हणे, पोरगा लाजाळू हाय."

काकांचा एकच प्रश्न असायचा आणि तो ते नाण्यापासून माणसापर्यंत सगळ्यांना लावायचे: "जन्माचं का मागाहूनचं?" टाकसाळीत यंत्राची चूक होऊन जे नाणं बिघडलेलंच बाहेर पडतं, ते जन्माचं. बाहेर पडल्यावर कोणी ठोकून, घासून, कापून बिघडवतं, ते मागाहूनचं. पहिल्याला ते मान द्यायचे. दुसऱ्याला टेबलावरच्या कापडावर ठेवूसुद्धा द्यायचे नाहीत. गल्लीतला एक पोरगा अडखळत बोलायचा, त्याच्या आईला त्यांनी भर रस्त्यात विचारलं, "याचं जन्माचं का मागाहूनचं?" ती बिचारी म्हणाली, "मास्तरनं मारल्यापासून." काका दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मास्तरशी भांडून आले. हे मला आवडलं. माझ्याबद्दलही त्यांनी काकूंना विचारलं होतं, "हे पोट्टी इतकी चिडते, जन्माचं का मागाहूनचं?" हे मला आवडलं नाही.

त्यांच्याकडे लोक यायचे ते त्या व्हिडिओंमुळे. तुम्हीही पाहिलेत. 'तुमच्या घरातलं हे नाणं तुम्हाला लखपती करेल.' मागे ढोल, पुढे बाण, आणि एका साध्या पाचाच्या नाण्याभोवती लाल गोल. मग फोटो पाठवा, मग नोंदणीची रक्कम भरा, मग तपासणीची भरा. नाणं तुमच्याकडेच राहतं, पैसे तिकडे जातात. माझा सगळा राग या लोकांवर होता. काकांचा राग नाणं बिघडवणाऱ्यांवर होता. त्यामुळे काही काळ आमची युती झाली.

राजूरहून एक माणूस आला. त्याच्याकडे दोनाचं नाणं होतं, पुरीएवढं पसरलेलं. म्हणाला, टाकसाळीत चुकून मोठं झालं. काकांनी ते हातातही घेतलं नाही. नुसतं वास घेतल्यासारखं केलं.

"कोयशाची मालगाडी कितीची असते तुमच्याकडं?"

"कोणती? सकाळची?"

"ज्याच्याखाली हे ठेवलं ते."

माणसाने नाणं खिशात टाकलं. म्हणाला, "दहाची."

दुसरा एकजण दहाचं नाणं घेऊन आला, मधली चकती उलटी बसलेलं. काकांनी भिंग त्यालाच धरायला दिलं आणि चकतीच्या कडेचे ठोक्याचे वण त्याच्याच तोंडून मोजून घेतले. तिसऱ्याच्या नाण्याचा कडेचा घास तुटलेला होता. तेव्हा मला त्यांनी खरी गंमत शिकवली. टाकसाळीत लांब पत्र्यातून चकत्या कापतात. पत्रा नीट पुढे सरकला नाही की आधीच्या भोकाचा घास पुढच्या चकतीला पडतो. नंतर त्या चकतीची कड दाबून उचलतात, तेव्हा घासाच्या जागी दाब बसायला काही नसतंच, म्हणून त्याच्या बरोबर समोरची किनारही फिकी उठते. "एका गालातला दात पडला तं चावणं दोन्हीकून बिघडते," काका म्हणाले. "कानस घेऊन बसणाऱ्या भामट्याले हे ठाऊक नसते. तो एकच बाजू बिघडोते."

मी याचं पत्रक करायचं ठरवलं. मथळा: 'एकही नाणं लाखाचं नसतं. एकही नाही.' काकांनी पेन्सिलीने दुसरं वाक्य खोडलं.

"हे खोटं हाय. हजारो लाखोत एखांदं असते. हौशी लोक देतात पैसे. लाख नाई देत, पण देतात."

"काका, पत्रकात 'एखादं' चालत नाही. 'एखादं' लिहिलं की प्रत्येकाला वाटतं ते एखादं आपल्याच डब्यात आहे."

"वाटू दे."

"मग लोक फसतील."

"मंग तुहं पत्रक मागाहूनचं हाय," काका म्हणाले आणि आत निघून गेले.

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी पत्रक छापून आणलं. तळाला, प्रेसवाल्याकडे होता त्या सगळ्यात बारीक टायपात, 'क्वचित अपवाद असू शकतो' असं घातलं. काकांनी भिंग लावून ते शोधलं आणि म्हणाले, "अथी हाय. दिसलं."

त्याच पत्रकासाठी मी त्यांच्याकडून बनावटीचे सगळे प्रकार लिहून घेतले होते. सरकलेला ठसा, शिकंज्यात दाबलेली जोडी, ॲसिडात बुडवून पातळ केलेलं, सगळं त्यांनी खुशीने सांगितलं. पण 'दोन्ही बाजूंना छापा' या मुद्द्यावर आले आणि उठून टाकीत पाणी चढलं का बघायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "ते नोको टाकू. तो इषय येगळा हाय." टाकीत पाणी सकाळी सहालाच चढतं. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

आता एका गावाचं सांगते. ढाणकीच्या पुढे आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या सहा मुली पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करत होत्या. घरी बसावं तर टीव्ही, पाहुणे आणि 'जरा भाजी निवड'. ढाणकीला अभ्यासिका आहे, पण तिथून परतीची शेवटची गाडी अंधाराआधी निघते आणि तिथला भरतीचा क्लास त्यानंतर सुटतो. म्हणून त्या एसटीच्या थांब्यात बसून अभ्यास करायच्या, आणि समोर बाइकवर पाय टाकून बसलेली पोरं त्यांना गणितं घालायची. सोसायटीचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. मुलींनी ते अभ्यासिकेसाठी मागितलं. त्यासाठीचा अर्ज मी लिहून दिला होता, म्हणून मीही त्यात होते. लगेच व्यायामशाळा मंडळालाही गोदाम हवंसं वाटायला लागलं. त्याआधी तीन वर्षं हे मंडळ चिंचेखाली डंबेल्स मारत होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

ग्रामसभेत हात मोजले. सारखे भरले. सरपंच म्हणाले, टॉस करू.

या गावात सारखं भरलं की टॉस होतो, आणि टॉस आबाजी करतात. आबाजी म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, तोंडात दात नाहीत पण शब्दाला वजन. त्यांच्या चंचीत एक जुना मोठा जाड रुपया असतो, तो फक्त टॉससाठी. रिवाज असा की वयाने मोठी असलेली बाजू आधी बोलते. व्यायामशाळेचा सेक्रेटरी गोलूभाऊ, पस्तिशीचा. मुलींची पुढारी प्रणाली, एकवीस वर्षांची. गोलूभाऊ म्हणाला, "छापा." आबाजींनी रुपया उडवला. छापा. सभा उठली.

मला ते फार पटापट झाल्यासारखं वाटलं. मी रुपया उचलला आणि उलटला. मागेही छापा.

मी ओरडले असं लोक सांगतात. मला आठवत नाही. आबाजी मात्र शांत होते.

"दोन्हीकून छापा हाय, माहीत हाय. वीस-बावीस वर्षं झाले, अथी छापाच येते."

"आणि तरी तुम्ही टॉस करता?"

"मंग? आधी कोण बोलन ते ठरलेलं हाय ना."

मी सभेकडे बघितलं. सगळ्यांना माहीत होतं. कोणी लपवतसुद्धा नव्हतं. गावात वाद व्हायचे ते नाणं कसं पडेल यावर नाही, आधी बोलायचा मान कोणाचा यावर. वयाने मोठा आधी. वय सारखं असेल तर ज्याची जमीन जास्त तो. ज्यांच्यात एकही म्हातारा नाही आणि जमीनही नाही, त्यांनी उरलेलं बोलायचं. उरलेलं म्हणजे काटा. काटा या गावात वीस वर्षांत कोणी पाहिलेला नव्हता.

"हे बनावट नाणं आहे," मी म्हटलं. "ही सरळ फसवणूक आहे."

"बनावट काहून? टाकसाळीतूनच तसं आलं. देवाच्या मनात असन तं यंत्र चुकते. गावावर किरपा हाय." आबाजी आता थोडे तापले होते. "म्या नाई बनोलं. ढाणकीच्या बाजारात चिल्लरमंदी आलतं. तू सिद्ध कर, बनोलेलं हाय म्हणून. केलं तं टॉस दुसऱ्यांदा. नाई केलं तं गोदाम व्यायामशाळेचं."

पुढच्या रविवारी मी काकांना घेऊन त्या गावात उतरले. काका टापटीप शर्ट घालून आले होते. येताना एसटीत मी त्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. एकदाच विचारलं, "ढाणकीच्या बाजारात म्हणे का?" मी हो म्हटलं.

ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर टेबल मांडलेलं होतं. आबाजींनी चंचीतून रुपया काढला. काकांनी तो घेतला. भिंग लावलं नाही, तराजू काढला नाही, वाजवला नाही. नुसता अंगठा कडेवरून फिरवला, जसा काकू दळण बारीक आलं का बघायला पिठावरून फिरवतात. मग खाली बसले.

"मागाहूनचं हाय," ते म्हणाले. "म्या बनोलं."

मला वाटलं होतं मी एक निष्कलंक तज्ज्ञ आणला आहे. मी त्यांच्यावर एक पत्रक काढलं होतं. त्यात 'नाणी बिघडवणाऱ्या प्रवृत्तींविरुद्ध एकाकी लढणारे' असे शब्द होते.

काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वर्कशॉपमध्ये चारला चहा कोण आणेल यावर टॉस व्हायचा. वर्षभर काकाच हरले. मग त्यांनी दोन जाड रुपये लेथवर घेतले. एक आतून पोखरून वाटी केली, दुसऱ्याची पाठ उतरवून चकती केली आणि चकती वाटीत अशी बसवली की सांध्यावर नख अडकू नये. "दोन महिने टॉसले आधी मीच बोलत जाओ. दोन महिने रामदास चहा आणत गेला. मंग साळ्यासंगं बैल पाहाले ढाणकीले आलो, अन् चिवड्याच्या दुकानात चुकून हाच रुपया देल्ला. चोर सापडला असता तं बरं झालं असतं. अथी चोरीच हरवली."

म्हणजे ती फरशी, ते भिंग, मेथीवालीचे सुटे, माझ्या पर्समधली अकरा नाणी. हा माणूस जनतेची सेवा करतो असं मी समजत होते. गेली वीस-बावीस वर्षं तो स्वतःचा रुपया शोधत होता.

गोलूभाऊ उभा राहिला. "सरपंचसाहेब, हा तं सोताच म्हणते का मी बनोला. म्हणजे हा आरोपी झाला. आरोपीची साक्ष चालते का?"

सभेला हे पटलं. खरंच पटलं. चारदोन जण 'बरोबर, बरोबर' म्हणाले. मी कायद्याचं काही बोलायला गेले तर आबाजी म्हणाले, "थांब पोरी. हा फेकून बी राह्यला असन. आपल्या गावाचं नाणं हाय, उद्या कोणीबी येईन अन् म्हणन माहं हाय."

काकांनी रुपया पुन्हा अंगठ्याखाली घेतला. "आत चकतीच्या पाठीवर सत्तावीस नंबर कोरला हाय. माहा हजेरीचा बिल्ला. पण पाहासाठी फोडा लागन." मग जरा थांबून, कोणालाच उद्देशून नाही असं, "असा सांधा पुन्हा नाई जमला मले."

"फोड मंग," आबाजी म्हणाले.

चहाच्या टपरीवरचा तवा मागवला. काकांनी रुपया त्यावर पालथा ठेवला आणि समजावून सांगितलं, की बाहेरची वाटी तापून फुगेल, आतली चकती तेवढ्यात तापणार नाही, मग सुटेल. समोर बसलेल्या एका पोराने ते वहीत लिहून घेतलं. काकांनी सांडशीत धरून नाणं पाराच्या दगडावर आपटलं. दुसऱ्या ठोक्याला चकती सुटून गोलूभाऊच्या पायाजवळ पडली. त्याने उचलली, चटका बसला, टाकली, पुन्हा उचलली.

"सत्तावीस," गोलूभाऊ म्हणाला.

मग मात्र गाव ढवळून निघालं. एकजण उठला, "मंग माह्या बोरचं काय? दोन साल आधी म्या काटा म्हणलं होतं." दुसऱ्याने सोसायटीच्या चेअरमनकीचं काढलं. घरच्या मैदानावर टॉस कधीच न हरलेल्या क्रिकेट टीमचा कॅप्टन एका कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. जुनं काही उकरायचं नाही, गोदामापुरता टॉस पुन्हा करू, एक सच्चं नाणं द्या.

चाळीस हात खिशात गेले.

"असं नाई," आबाजी म्हणाले. "एकदा फसलो. आता याले पाहू दे. हा म्हणन ते नाणं."

रांग लागली. काका खुर्चीत सरळ बसले, पिशवीतून भिंग, चुंबक, तराजू काढला, पाराच्या दगडाची एक जागा रुमालाने पुसली. पहिलं नाणं घेतलं. बघितलं, तोललं, वाजवलं. "याची एक कड जास्त घासली हाय. झुकन." परत. दुसरं. "याले कशाचा तरी डिंक लागला." परत. "हे वाकलं हाय." "हे गरम ठिकाणी होतं." "हे बरोबर हाय, पण तू बरोबर नाई, हात ओला हाय तुहा, पुसून आण." मधेच कोणी बोललं की काका डोळे मिटूनच हात वर करायचे आणि अख्खं गाव गप्प व्हायचं. मी त्यांच्या बाजूला उभी राहून धुसफुसत होते. सव्वा तास झाला. अर्धी रांगही संपली नव्हती.

प्रणाली माझ्याजवळ आली. "ताई, किल्ली कोणापाशी हाय?"

किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे होती. तो रांगेत विसावा होता, हातात पाचाचं नाणं घेऊन, घरून घासून आणल्यासारखं चकचकीत. प्रणाली त्याच्याजवळ गेली. "मामा, किल्ली द्या ना. गोदाम झाडून घेतो आम्ही. कोणाले बी भेटलं तरी झाडा तं लागनच."

यात काही चूक नव्हती. मामांनी किल्ली दिली आणि रांगेतली आपली जागा गेली नाही ना ते पाहिलं.

दुपारी दोनला शेवटचं नाणं, स्वतः सरपंचांचं, परत झालं. त्याचा ठसा एका बाजूला खोल बसल्यामुळे. काकांनी भिंग पुसून पिशवीत ठेवलं. "सच्चं नाणं नाई गावात," ते म्हणाले. गावाला हे लागलं, पण कोणी काही बोललं नाही, कारण निम्मे लोक उपाशी होते.

गोलूभाऊ गोदामाकडे गेला आणि तसाच परत आला. "तथी पोट्ट्या बसल्या हाय."

बसल्या होत्या. सहाजणी. जमीन झाडून, शिंपून, सतरंज्या टाकून, भिंतीला नकाशा लावून. एकीने घरून बल्ब आणून लावलाही होता. आम्ही सगळे दारात जमलो. प्रणालीने पुस्तकातून वर पाहिलं आणि परत डोकं खाली घातलं.

"यायले उठवा," गोलूभाऊ सरपंचांना म्हणाला.

सरपंचांनी सभेचं मत विचारलं. हात मोजले. सारखे भरले.

"मंग टॉस करा लागन," आबाजी म्हणाले. "नाणं आणा."

परतीच्या एसटीत मी काकांना विचारलं, "मुद्दाम केलं ना? एकही नाणं पास केलं नाही ते?"

काकांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जसा काही मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. "एकबी बरोबर नव्हतं," ते म्हणाले. "तू पाह्यलं होतं का? नाई ना." शर्टाच्या खिशात वाटी आणि चकती वेगवेगळ्या वाजत होत्या. गाडी खड्ड्यात गेली की जास्त.

मला वाटलं आठ दिवसांत गाव कंटाळून काहीतरी मार्ग काढेल. पण नियम म्हणजे नियम. मुलींना उठवायला ठराव पाहिजे, ठराव सारखा भरत होता, म्हणून टॉस पाहिजे, आणि टॉसला काकांनी पास केलेलं नाणं पाहिजे. दर महिन्या-दोन महिन्यांनी कंडक्टरच्या हाती एक पाकीट यायचं, आत एक नाणं आणि सरपंचांचं पत्र: 'कृपया तपासून कळवावे.' काका तपासायचे, फरशीवर वाजवायचे, आणि परत पाठवायचे. एकदा कड दबलेली. एकदा वजन थोडं कमी. मीही तपासून बघायचे. दोष बारीक असायचा, पण असायचा. माझा त्यांच्यावर विश्वास बसत गेला, आणि गोदामाबद्दलची माझी काळजी वाढत गेली. एक ना एक दिवस चांगलं नाणं येणारच होतं, आणि हा म्हातारा ते पास करणार होता. पत्रकातल्या एका शब्दासाठी मला चार दिवस अबोला धरायला लावणारा माणूस होता तो.

ते आलं तेव्हा गोलूभाऊ स्वतः घेऊन आला. परीक्षेला सहा आठवडे राहिले होते. बँकेतून नवं कोरं पुडकं फोडून त्यातला एक रुपया त्याने कागदाच्या चिमटीत आणला होता, बोटही न लावता. ओसरीत बसला, काकूंनी पाणी दिलं ते प्याला नाही.

काकांनी नाणं कापडावर ठेवलं. भिंग फिरवलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. तराजूचा काटा बरोबर मधोमध उभा राहिला. पान उलटल्यासारखं उलटलं, मागची बाजू सरळ. मग फरशीवर सोडलं. तो आवाज मी वरच्या पायरीवरून ऐकला. लांब, स्वच्छ, कुठेही न थरथरता संपत गेला. काकांनी डोळे उघडले नाहीत.

"नाई," ते म्हणाले.

"काय खराब हाय?"

"गोड वाजते."

"गोड वाजणं खराब असते का?"

"टॉसले चालत नाई."

गोलूभाऊ माझ्याकडे बघत होता. मी भिंतीकडे. तो म्हणाला, "लिहून द्या." काकांनी माझ्याच जुन्या पत्रकाच्या पाठीवर लिहिलं, 'सदर नाणे टॉससाठी अयोग्य आहे', आणि खाली सही केली. सहीला थोडा जास्त वेळ लागला. गोलूभाऊने चिठ्ठी घेतली, नाणं तिथेच टाकलं आणि गेटही न लावता गेला.

काकांनी उठून गेट लावलं. मग काका म्हणाले, "ए पत्रक. हे कोणत्या पत्रकात घालू नोको."

"कधीपर्यंत?"

"पोरीयची परीक्षा होईपर्यंत."

मी खोली सोडली, अमरावतीला आले, इकडेही पत्रकंच काढते. परीक्षा झाली. प्रणालीसकट तिघी लेखीत निघाल्या, उरलेल्या पुढच्या वेळेची तयारी त्याच गोदामात करतायत. म्हणून आता लिहिते. काका आत पाणी बघायला गेल्यावर मी तो रुपया उचलून स्वतः तपासला होता, त्यांनी मला शिकवलं तसा, सगळ्या बाजूंनी. त्यात काहीही दोष नव्हता.